ग्रहणातली कैरी

आमच्या घरात आईसमोर कैरी चिरायची नाही, असा एक नियम होता. तो कुणी केला आणि कधी केला हे मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा तो होताच. चैत्र लागला, मांजरी गावच्या मामाकडून कैऱ्यांची पिशवी आली, की आत्या स्वयंपाकघरात विळी मांडायची आणि आई धुण्याचे पिळे घेऊन मागच्या अंगणात जायची. धुणं वाळत घालून झालं तरी परत यायची नाही. तुळशीची वाळकी पानं खुडत बसायची, नाहीतर शेजारच्यांना नळाला पाणी आलं का ते विचारायची. आतून विळीवर कैरी फाकल्याचा करकर आवाज यायचा, मग मोहरी फेसल्याचा ठसका यायचा, मग आत्याच्या शिंका. लोणचं बरणीत जाऊन बरणीवर फडकं बांधलं गेलं, की आई आत येऊन विळी धुऊन ठेवायची. हळदीकुंकवाला ती जायची तेव्हा बायका हातावर आंब्याच्या डाळीची वाटी द्यायच्या. आई ती पदराखाली झाकून घरी आणायची आणि मला द्यायची. मी ती उभ्याउभ्या संपवायचे. लहानपणी माझी समजूत होती की आई झालं की बाईला कैरी आवडेनाशी होते. शेजारच्या आया चांगल्या मिटक्या मारत खातात हे दिसल्यावर मी कारण शोधू लागले, आणि ते माझ्याच तोंडावर निघालं.

मी जन्मले तेव्हा माझा वरचा ओठ डाव्या बाजूला दुभंगलेला होता, थेट नाकपुडीपर्यंत. तान्ही असतानाच सरकारी दवाखान्यात तो शिवला. शिवण अजून आहे. डावी नाकपुडी जराशी बसलेली आहे, आणि मी हसले की ओठाची उजवी बाजू वर जाते, डावी विचार करत थांबते. माझ्या वेळी आईला सातवा महिना होता आणि दुपारचं सूर्यग्रहण होतं. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, खायचं नाही. आईला डोहाळे कैरीचे. सगळे पुढच्या खोलीत आहेत असं पाहून तिने एक छोटी कैरी चिरली आणि मिठाला लावून खाल्ली. आत्याने पाहिलं. तेव्हा ती काही बोलली नाही म्हणतात. माझा जन्म झाल्यावर बोलली, आणि तेही दोनच शब्द: ‘कैरी भोवली.’ त्यावर आईने वाद घातला नाही, बाबांनी घातला नाही. पुढे मी मोठी झाल्यावर एका डॉक्टरांनी मला सांगितलं की बाळाचा ओठ पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जुळायचा असतो. म्हणजे आईने कैरी खाल्ली तेव्हा माझा ओठ होऊन, खरं तर न होऊन, बराच काळ लोटला होता. पण हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार, आणि सांगितलं असतं तरी आत्यासमोर डॉक्टरांचं काय चाललं असतं.

आत्या वाईट नव्हती, हे इथेच सांगून टाकते. बाबा आणि सुधाकाका लहान असतानाच त्यांची आई गेली. पुढे आत्याचे यजमानही गेले आणि ती माहेरी परतली ती या दोन भावांना वाढवायला. घरातले सगळे तिला आक्का म्हणत. माझा ओठ शिवल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, की शिवण मऊ राहावी म्हणून तिला हलक्या बोटाने चोळत जा. आत्याने ते व्रतासारखं पाळलं. रोज जेवणं झाली की मला मांडीवर डोकं टेकवून झोपवायची, अनामिकेवर साजूक तूप घ्यायची आणि शिवणीवरून खालीवर बोट फिरवायची. मी शाळेत जायला लागले तरी हे चालू होतं. बोट माझ्या ओठावर फिरत असायचं आणि तोंडाने आईच्या कैरीचा उद्धार चालू असायचा. आई पलीकडे भांडी घासत ते ऐकायची. दोन्ही गोष्टी आत्या सारख्याच मनापासून करायची. त्या तुपाचा वास आजही आला की माझं तोंड आपोआप मिटतं.

आम्ही हडपसरला कारखान्यातल्या लोकांच्या बैठ्या सोसायटीत राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. बाबा आणि काका दोघेही जवळच्या एका कारखान्यात, पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे घरात कुणीतरी सतत झोपलेलं असायचं आणि कुणीतरी डबा भरत असायचं. शाळेत मला ‘तुटकी’ म्हणत. मी हाकेला ओ द्यायचे, कारण न देऊन काय करणार. गॅदरिंगला मला पडदा ओढायचं काम असायचं. एका वर्षी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं की पडदा अगदी वेळेवर पडला. घरी येऊन सांगितलं तर आत्या म्हणाली, ‘म्हणजे पुढच्या वर्षीही पडदाच.’ तसंच झालं. मला त्याचं फार दुःख होतं असं नाही. दुःख व्हायचं ते फोटोच्या दिवशी. फोटोवाले काका नेहमी म्हणायचे, ‘ती मुलगी, जरा मान डावीकडे वळव.’ मी वर्षानुवर्षं वर्गाच्या फोटोत खिडकीबाहेर काहीतरी बघते आहे.

मी आठवीत असताना सुधाकाकाचं लग्न झालं आणि वंदनाकाकू घरात आली. ती साताऱ्याची. डेक्कनकडच्या एका बंगल्यात नवीनच कंपनी निघाली होती, तिथे ती कॉम्प्युटरवर काम करायची. त्या दिवसांत पुण्यात जो तो कॉम्प्युटरचं नाव घेत होता, पण तो पाहिलेलं माणूस आमच्या सोसायटीत तिच्याखेरीज कुणी नव्हतं. त्या खोलीत एसी असतो आणि धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागतात, हे तिने सांगितलं तेव्हा आत्या म्हणाली, ‘मग देऊळच की ते. नैवेद्य कसला दाखवता?’ काकू म्हणाली, ‘फ्लॉपीचा.’ फ्लॉपी म्हणजे काय हे आत्याला माहीत नव्हतं, पण उत्तर आलं हे तिला आवडलं असावं. त्या दिवसापासून ती काकूच्या चहात साखर जरा जास्त घालायला लागली.

मला मात्र काकू आठवते ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची. सत्यनारायण आटोपला होता, स्वयंपाकघरात आई पुऱ्या तळत होती आणि आत्या शिरा वाढत होती. मी पाटाखाली पाणी सांडलं म्हणून पुसत होते. काकूने माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. म्हणाली, ‘कुणी शिवलाय गं?’

आईचा झारा कढईतच थांबला. मी म्हटलं, ‘सरकारी दवाखान्यात.’

‘हात चांगला होता डॉक्टरांचा. टाका सरळ आहे.’ काकूची आई साताऱ्याला ब्लाउज शिवायची, त्यामुळे टाक्याबद्दलचं तिचं मत घरात कुणी खोडून काढणार नव्हतं. मग तिने हनुवटी सोडली आणि शिऱ्यात केळं घातलंय का ते विचारलं. बस, एवढंच. माझ्या ओठाबद्दल माझ्याशी कुणीतरी बोललं, हे पहिल्यांदा झालं होतं. तोवर सगळे माझ्या कपाळाशी बोलायचे. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. मी दिवसभर तिच्या मागे मागे फिरले, आणि पुढची कितीतरी वर्षं फिरतच राहिले.

काकूकडे तिच्या भावाची जुनी लूना होती. हडपसर ते डेक्कन ती रोज लूनावर जायची, आणि निघताना सबंध तोंडाला ओढणी बांधायची. आधी डोक्यावरून, मग नाकावरून, मग मागे गाठ, आणि उघडे फक्त डोळे. पुण्याच्या पोरींचं हे ध्यान आता सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा ते नवीन होतं आणि आत्याला ती दरोडेखोर वाटायची. सुट्टीच्या दिवशी काकू मला मागे बसवून न्यायची, तेव्हा तिने मलाही बांधायला शिकवलं. पहिल्यांदा तशी बांधून मी मागे बसलेले असताना आम्ही सिग्नलला थांबलो, आणि शेजारच्या गाडीवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचेही डोळेच दिसत होते, माझेही डोळेच दिसत होते. तिने पाहिलं आणि मान वळवली. कुणी माझ्याकडे एकदा पाहून पुन्हा पाहत नाही, ही काय चीज असते ते मला त्या सिग्नलला कळलं. मग मी ओढणी सोडेना. किराणा आणायला जाताना बांधायचे, गिरणीत जाताना बांधायचे. पिठाच्या गिरणीत तरी काही कारण होतं.

काकूने ते काही दिवस चालू दिलं. एका रविवारी आम्ही मांजरीच्या रस्त्याला उसाच्या रसवंतीवर थांबलो. तिने दोन ग्लास सांगितले, बाकावर बसली, ओढणी सोडून गळ्यात टाकली. रसवंतीवर बरीच माणसं होती. मी ओढणी तशीच ठेवली. घुंगरू वाजत होते, रस आला, ग्लासावर फेस आला, मी बसून राहिले. काकूने स्वतःचा ग्लास संपवला. मग माझा उचलला आणि तोही सावकाश प्यायला लागली. मी म्हटलं, ‘तो माझा आहे.’

‘तुझं तोंड कुठाय?’ ती म्हणाली. ‘ओढणी धुळीसाठी असते, उजू. इथे धूळ नाही.’ आणि अर्धा उरला होता तो माझ्यासमोर ठेवला. मी मान खाली घालून, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून तो प्यायले. कुणीतरी पाहिलं असेल, नसेलही. त्या रसात आलं जरा जास्त होतं, ते मात्र लक्षात आहे.

हल्ली हिंजवडीच्या माझ्या कंपनीत निम्म्या मीटिंगा घरी बसून चालतात आणि नवीन लागलेली पोरं कॅमेरा बंद ठेवून बोलतात. आमच्या टीममधल्या एका मुलीच्या गालावर भाजल्याची मोठी खूण आहे, तिचा कॅमेरा कायमच बंद असतो. तिला कुणी सुरू कर म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. मी फक्त माझा चालू ठेवते, पांढऱ्या भिंतीसमोर, दिवा नीट तोंडावर पाडून. ती कधी करेल तेव्हा करेल. पन्नाशीला टेकले मी आता, मला घाई नाही.

तर, त्या हिवाळ्यात काकूला दिवस गेले. आत्याने तिला अक्षरशः तळहातावर घेतलं. डिंकाचे लाडू झाले, खारीक-खोबऱ्याचे झाले, ऑफिसच्या डब्यात वेगळी पोळी तुपात माखून जायला लागली. लूना बंद झाली आणि काका तिला बसपर्यंत सोडायला लागला. आणि एक दिवस आत्याने काकूच्या खोलीत, तिच्या उशीच्या बरोबर समोर, एक कॅलेंडर लावलं. त्यावर एक गुटगुटीत बाळ होतं, कुरळ्या जावळाचं, घाऱ्या डोळ्यांचं, हातापायांना वळ्या पडलेलं. तसली कॅलेंडरं तेव्हा घरोघरी असायची. गरोदर बाईने सकाळी उठल्यावर आधी सुंदर मुलाकडे पाहावं, म्हणजे मूल तसं होतं, असं म्हणतात. मलाही ते बाळ आवडलं होतं. मी त्याला मनातल्या मनात नावही ठेवलं होतं.

त्या नियमाला दुसरी बाजू आहे हे मला हळूहळू कळलं. सकाळी काकूला चहा न्यायचं काम माझं होतं, ते आईकडे गेलं. माझं अंथरूण पुढच्या खोलीत आलं. सकाळी मी दुधाच्या पिशव्या आणायला जायचे, आणि परत येईपर्यंत काकू आवरून निघालेली असेल असं गणित आत्याने बसवलं. संध्याकाळी ती आली की मला शेजारी अभ्यासाला पाठवायचे. कुणी मला काही बोललं नाही. आमच्या घरात न बोलता बरंच काही सांगता यायचं. काकूला वाटत होतं की माझी वार्षिक परीक्षा जवळ आलीये.

परीक्षा संपली त्या आठवड्यात आईने माळ्यावरची पिशवी काढली आणि माझे कपडे भरायला घेतले. म्हणाली, ‘मांजरीला जाऊन राहा. मामीला मदत होईल.’

‘किती दिवस?’

‘काकूचं होईपर्यंत.’

‘आणि शाळा सुरू झाली म्हणजे?’

‘मामा तिथल्या शाळेचं बघतोय.’

मी म्हटलं, ‘आत्याने सांगितलं का?’ आईने नाही म्हणून मान हलवली. तिने स्वतःच ठरवलं होतं. माझ्या फ्रॉकच्या घड्या घालता घालता ती खालच्या आवाजात म्हणाली, ‘उजू, उद्या त्या बाळाचं काही कमीजास्त झालं, तर तुझ्यावर येईल. म्हणतील, ही समोर वावरत होती. माझ्यावर आलं ते आलं, मी सोसलं. तुझ्यावर नको.’ मला रडू आलं नाही. मला तिचं म्हणणं पटलं, हेच वाईट. मीही स्वतःला तसंच समजत होते, ज्याच्याकडे पाहून पोटातलं बाळ बिघडतं असं काहीतरी.

मामा मला न्यायला यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी चंद्रग्रहण होतं. चंद्र ग्रहण घेऊनच उगवणार होता, त्यामुळे वेध दुपारपासून लागलेले. आत्याने पाण्याच्या हंड्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्रं टाकली. मामाने त्याच आठवड्यात पाठवलेली कैऱ्यांची टोपली कोपऱ्यात होती, तिच्यावरही एक पान ठेवलं. काकूने रजा घेतली होती. तिने सतरंजीवर सरळ पडून राहायचं, हातपाय दुमडायचे नाहीत, काही खायचं-प्यायचं नाही, असं ठरलं. ‘कॉम्प्युटरवर टाइप केलेलं चालतं का हो आक्का ग्रहणात?’ तिने विचारलं होतं. आत्या म्हणाली, ‘गुरुजींना विचारून सांगते,’ आणि खरंच विचारून आली. गुरुजींना सांगता आलं नाही. काकू हसली, पण पडून राहिली. ती बंडखोर वगैरे नव्हती. लाडू खा म्हटलं की खायची, पड म्हटलं की पडायची. पुढच्या खोलीत टीव्हीवर एक तज्ज्ञ सांगत होते की ग्रहणाचा गर्भावर कसलाही परिणाम होत नाही, आणि काका ते लक्ष देऊन ऐकत ऐकत खिडक्यांचे पडदे ओढत होता.

दिवेलागणीला काकूने हाक मारली, ‘उजू, इकडे ये गं जरा. पडून पडून पाठ मोडली.’ मी उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. दाराशी माझी पिशवी भरून ठेवलेली होती. तिने विचारलं, ‘ही कुणाची पिशवी?’

‘माझी. मांजरीला चाललेय उद्या.’

‘सुट्टीला?’

‘तुझं बाळ होईपर्यंत.’

‘का?’

मी कॅलेंडरकडे बोट केलं. म्हटलं, ‘तू त्याच्याकडे बघायचंस. माझ्याकडे नाही.’

काकूने माझ्याकडे नीट पाहिलं. मग गुडघे दुमडले, कुशीवर वळली, भिंतीला हात लावून उठली आणि माझ्या शेजारून स्वयंपाकघरात गेली. तिथे आत्या माळ ओढत बसली होती आणि आई नुसतीच बसली होती. काकूने टोपलीवरचं तुळशीचं पान उचलून देवासमोर ठेवलं, एक कैरी घेतली, विळी काढली. पोट आड येत होतं म्हणून विळीच्या पाटावर तिरकी बसली.

आत्या म्हणाली, ‘उठलीस कशाला?’

‘कैरी चिरतेय.’

‘ग्रहण लागलंय.’

‘माहितेय.’ आणि तिने कैरी पात्यावर दाबली. करकर आवाज झाला. एरवी आई उठून अंगणात गेली असती, पण ग्रहणात अंगणात जायचं नव्हतं. तिने तो आवाज इतक्या वर्षांनी समोर बसून ऐकला. ती पुढे सरकली आणि काकूचं मनगट धरलं. म्हणाली, ‘वंदना, तुझ्या पाया पडते, ठेव ती विळी. मी भोगलंय.’

‘काय भोगलंत, वहिनी?’ काकूने कैरीची फोड माझ्या दिशेने केली. ‘ही? ही भोग आहे?’

आईने मनगट सोडलं. आत्याची माळ थांबली होती. ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘आणि पोराचा ओठ फाटला म्हणजे?’

‘फाटला तर शिवू. घरात एक शिवलेला आहेच, चांगला शिवलाय.’ काकूचा आवाज मात्र शांत नव्हता, कापत होता. ‘पण आक्का, तसं बाळ झालं तर त्याला तुम्ही कुठे पाठवणार? मांजरीला? म्हणजे त्याने डोळे उघडून बघावं तर घरात त्याच्यासारखं एक माणूस नाही. होतं, तेही आपणच घालवलेलं. उजू कुठे जाणार नाही.’

तिने फोडीला मीठ लावलं आणि खाल्ली. एक मला दिली, मीही खाल्ली. आईसमोर धरली, आईने नको म्हणून मान हलवली. कैरी कोवळी होती पण भयंकर आंबट, माझे दात आंबले. तेवढ्यात काका दारात आला. त्याने विळी पाहिली, बायकोचं तोंड पाहिलं, आणि मला वाटलं आता हा ओरडणार. त्याने माझी पिशवी उचलली, स्टूल घेतलं आणि ती माळ्यावर परत टाकली. बाहेर रस्त्यावरून ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी आरोळी यायला लागली, तशी आत्या उठली आणि धान्याचं सूप घेऊन पुढच्या दारी गेली. सगळ्यांनी आंघोळी केल्या. आईने भात टाकला. त्या रात्री जेवायला पान माझंही मांडलेलं होतं.

हे मी आज जितकं सुटसुटीत लिहितेय तितकं सोपं नंतरचे महिने गेले नाहीत. आत्याने काकूशी बोलणं टाकलं. लाडू करायची, ताटात ठेवायची, पण निरोप माझ्याकरवी. ‘उजे, तिला सांग दूध निवतंय.’ मी पुन्हा सकाळी चहा न्यायला लागले. कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं. मी विचारलं, काढू का? काकू म्हणाली, ‘त्या बिचाऱ्याने काय केलंय? राहू दे. तोही राहील, तूही राहा.’ पण एकदा चहा देताना तिचा हात पोटावर होता आणि डोळे भरलेले. म्हणाली, ‘मला भीती वाटते गं उजू. त्या दिवशी बोलून बसले, पण रोज वाटते.’ मलाही वाटत होती. काकूला कसलं बाळ होतं यावर माझं त्या घरातलं स्थान ठरणार, आणि त्याहून जास्त तिचं. आईसारखीच तिच्याही नावाला कुणी जन्मभर कैरी लावील, आणि या वेळी कारण मी असेन. मी देवाला सांगितलं की बाळाला माझ्यासारखं करू नकोस. असं मागणं मागताना कसं वाटतं ते ज्याने मागितलंय त्यालाच कळेल.

बाळ झालं ते गौरी-गणपतीच्या आसपास. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे बाकावर होतो. नर्सने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणलं आणि आत्या सगळ्यांच्या पुढे होती. तिने मुलगा की मुलगी विचारलं नाही. अनामिका बाळाच्या वरच्या ओठावरून फिरवली, जशी माझ्या ओठावरून फिरवायची तशीच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाली, ‘ओठ धड आहे.’

बाबांनी हात जोडले, काकाने भिंतीला डोकं टेकवलं. मलाही सुटल्यासारखं झालं आणि त्याच क्षणी काहीतरी बोचलं, कारण सगळे ज्याच्यासाठी इतके आनंदले होते ते म्हणजे बाळ माझ्यासारखं नव्हतं. दोन्ही खरं होतं. आईचं लक्ष मात्र आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. ती बाकावर बसली होती, हात मांडीत, आणि आत्याकडे बघत होती. म्हणाली, ‘तिने तर चिरलीही आणि खाल्लीही. मग आक्का, माझं काय चुकलं होतं?’

आत्याने बाळ माझ्या हातात दिलं आणि दुपट्याचं टोक नीट करत राहिली. मुलगी होती. तिचं नाव ऋचा ठेवलं. पुढे ती हात चालवायला लागली तेव्हा कडेवर घेतलं की तिचं बोट पहिलं माझ्या ओठावर यायचं, शिवणीवरून खालीवर. काही महिने तिला दुसरं खेळणं लागलं नाही.

पुढच्या चैत्रात मामाकडून पिशवी आली. आत्याने विळी मांडली. आईने सवयीने धुण्याचे पिळे उचलले, दारापर्यंत गेली, आणि पिळे तिथेच बादलीत ठेवून मागे फिरली. म्हणाली, ‘सरका आक्का, मी चिरते.’ आत्या सरकली. आईला ती कैरी नीट चिरता येईना, हाताची सवय गेली होती, फोडी जाडबारीक पडायला लागल्या. काकू ऋचाला भरवत होती, तिने मान वर केली नाही. आईने एक फोड उचलली, उजेडात धरली आणि तशीच तोंडाकडे नेली.

आत्याने मिठाचं भांडं तिच्याकडे ढकललं. म्हणाली, ‘मीठ घे. इतक्या वर्षांनी खातेस, नुसती कशाला खातेस.’